डॉप्लर नॉर्मल आला, तरी अंगठ्याची जखम का भरत नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळच्या गावातले गृहस्थ, वय ६४, १५ वर्षांपासून मधुमेह, तरुणपणापासून विडी. शेताच्या बांधावरून थोडं चाललं की डाव्या पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की जातो. डाव्या अंगठ्याच्या कडेला चप्पल लागून जखम झाली, तिला दीड महिना होऊन गेला. गावच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'डॉप्लर, दोन्ही पाय' एवढंच लिहिलं. रक्ताचा प्रवाह पाहायची ही सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात आलं की डीव्हीटी, म्हणजे खोल शिरेतली गुठळी, नाही, शिरांमधला प्रवाह व्यवस्थित आहे. मुलगा विचारतो, रिपोर्ट नॉर्मल आहे तर जखम का भरत नाही, आणि पुन्हा डॉप्लर करायचा का?

करायचा, आणि तोही याच आठवड्यात. झालेला रिपोर्ट खोटा नाही, पण त्यात विचारलेलंच वेगळं होतं. वडिलांच्या शिरांमध्ये गुठळी आहे का, एवढंच त्यात पाहिलं गेलं. त्यांचा त्रास मात्र धमन्यांचा वाटतो. चालताना गोळा, थांबल्यावर आराम, अंगठ्याची न भरणारी जखम, वर मधुमेह आणि विडी. यापेक्षा स्पष्ट चित्र क्वचितच मिळतं. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी ती धमनी आणि पायाकडून परत आणणारी ती शीर. दोन्हींचा डॉप्लर वेगळा होतो, वेगळ्या क्रमाने, वेगळ्या प्रश्नासाठी. चिठ्ठीवर नुसतं 'डॉप्लर' असेल तर सेंटरवाले सुजलेल्या पायाला करतात तोच, म्हणजे शिरांचा, करून मोकळे होतात. पुढच्या चिठ्ठीवर डॉक्टरांकडून असं लिहून घ्या: 'आर्टेरियल डॉप्लर, दोन्ही पाय, एबीआय आणि टो प्रेशरसह, मधुमेह, डाव्या अंगठ्याला जखम, चालताना पोटरीत दुखणं.' आर्टेरियल म्हणजे धमन्यांचा; एबीआय आणि टो प्रेशर म्हणजे घोट्यावरच्या आणि अंगठ्यावरच्या दाबाची मोजणी, ती खाली सांगतो. जखम कुठे आहे आणि काय शोधायचं आहे हे लिहिलेलं असलं की तपासणारा माणूस कामाला योग्य ठिकाणाहून सुरुवात करतो.

एक खुलासा. कमरेच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पोटऱ्या भरून येतात, पण ते दुखणं नुसतं थांबून जात नाही. बसावं लागतं किंवा पुढे वाकावं लागतं. सायकलवर अशा माणसाला काही होत नाही. धमनीचं दुखणं उभ्या उभ्या थांबलं तरी जातं. तुमच्या वर्णनात उभं राहून आराम पडतो असं आहे, म्हणून धमनीकडेच बोट जातं.

आधी दाब, मग चित्र

रंगीत पडदा पाहिला की सगळं कळलं असं लोकांना वाटतं. माझं मत वेगळं आहे. पायाच्या रक्तपुरवठ्याची पहिली तपासणी म्हणजे घोट्यावरचा रक्तदाब, आणि त्याला मोठं यंत्र लागतच नाही. बीपीचा पट्टा आणि ८ मेगाहर्ट्झचा पेन डॉप्लर, म्हणजे प्रवाहाचा नुसता आवाज ऐकवणारं पेनाएवढं यंत्र, एवढ्यात काम होतं. हे एबीआय, म्हणजे घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. आपल्याकडे हीच पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते, कारण ती करायला वीस मिनिटं लागतात आणि फोटो छापून मिळत नाही.

पद्धत अशी. माणसाला पाठीवर आडवं झोपवायचं आणि ५ ते १० मिनिटं नुसतं पडू द्यायचं. आधीचे दोन तास विडी, तंबाखू काही नाही. खोली गार नको. पंख्याखाली गारठलेल्या पायाच्या धमन्या आकसतात आणि आवाज सापडत नाही. पट्ट्याची रुंदी त्या जागेच्या घेराच्या साधारण ४० टक्के हवी. घोट्याला बांधताना पट्ट्याची खालची कड घोट्याच्या हाडापासून दोन बोटं वर ठेवायची. जखम जवळ असेल तर आधी प्लास्टिकची पातळ स्वच्छ फिल्म लावायची. जेल भरपूर घ्यायचं, पेन कातडीशी ४५ ते ६० अंशांत तिरकं धरायचं आणि अजिबात दाबायचं नाही. दाबलं की पावलावरची बारीक धमनी पेनाखालीच बंद होते आणि 'नाडी नाही' असा शेरा पडतो.

मग धमनीचा आवाज ऐकत पट्टा फुगवायचा, आवाज गेला की त्याच्या वर आणखी २० मिमी (बीपी मोजतात ते पाऱ्याचे मिमी) फुगवायचा आणि सावकाश, सेकंदाला २ मिमी या वेगाने हवा सोडायची. पहिला आवाज परत आला तो आकडा घ्यायचा. आवाज जाताना घेतलेला आकडा चुकतो. आवाज परत आलाच नाही तर आधी पेन सरकलं का ते पाहायचं. निम्म्या वेळा तेच झालेलं असतं. दोन्ही दंड, आणि प्रत्येक पायावर दोन जागा: पावलाच्या वरच्या बाजूची धमनी आणि आतल्या घोट्याच्या मागची. घरातलं आपोआप बीपी मोजणारं यंत्र घोट्याला गुंडाळून हे होत नाही. दाब कमी असला की ते एकतर चूक दाखवतं नाहीतर भलताच मोठा आकडा देतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळाचे ठोके ऐकायचा जो डॉप्लर असतो त्यानेही होत नाही. तो २-३ मेगाहर्ट्झचा, खोल पाहणारा. पावलावरची धमनी कातडीखाली काही मिलिमीटरवर असते, तिला जास्त मेगाहर्ट्झ लागतात.

हिशेब उदाहरणाने सांगतो. उजवा दंड १५०, डावा १४४. मोठा घ्यायचा, १५०. डाव्या पायावर वरची धमनी ८४, घोट्यामागची ९६. इथेही मोठा, ९६. डावा एबीआय ०.६४. उजव्या पायाचा मोठा आकडा १३८ असेल तर ०.९२. साधारण १.०० ते १.४० नॉर्मल, ०.९१ ते ०.९९ काठावरचं, ०.९० किंवा कमी म्हणजे धमनीत अडथळा, ०.४० किंवा कमी म्हणजे पाय धोक्यात. दोन दंडांत १५-२० मिमीपेक्षा जास्त फरक निघाला तर कमी दाबाच्या बाजूला खांद्याकडे जाणारी धमनी अरुंद असू शकते. अशा वेळी त्या दंडाचा आकडा हिशेबात धरला तर पाय उगाच चांगला दिसतो.

आता मधुमेहाची गोम. बरीच वर्षं साखर असली, किंवा मूत्रपिंडं बिघडली असली, की धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साचतं आणि भिंत कडक होते. पट्टा कितीही फुगवा, ती दबत नाही. मग घोट्यावर २२६ दाब मिळतो, एबीआय १.५१ येतो, आणि घरचे म्हणतात, बघा, पायाचा दाब तर उत्तम आहे. १.४० च्या पुढचा आकडा नॉर्मल नसतो. त्याचा अर्थ एवढाच की धमनी दबत नाही, म्हणून ही मोजणी निकामी. त्याहून फसवा प्रकार म्हणजे अडथळाही आहे आणि कडकपणाही. दोघांची बेरीज होऊन एबीआय १.०५ वगैरे येतो, चांगला दिसतो, आणि अंगठा मात्र काळा पडत जातो. म्हणून वडिलांसारख्या माणसाचा नॉर्मल एबीआय एकटा मान्य करायचा नाही.

इथे अंगठ्याचा दाब कामाला येतो, कारण बोटांच्या धमन्यांत कॅल्शियम सहसा साचत नाही. अंगठ्याला अडीच सेंटिमीटर रुंदीचा छोटा पट्टा आणि टोकाला प्रकाशावर चालणारा सेन्सर लावतात. अंगठ्याचा दाब भागिले दंडाचा दाब ०.७० किंवा कमी आला तर रक्तपुरवठा कमी. जखम असलेल्या पायाला मात्र गुणोत्तरापेक्षा दाबाचा नुसता आकडा महत्त्वाचा. ६० मिमी किंवा जास्त असेल तर चांगल्या ड्रेसिंगने जखम भरायची आशा चांगली. ३० च्या खाली असेल तर कितीही मलमपट्टी करा, रक्त पोचवल्याशिवाय भरणं कठीण, आणि त्यात वेळ घालवायचा नाही. मधल्या आकड्यांत डॉक्टरांचा निर्णय. जखम अंगठ्यावरच असेल आणि पट्टा बसत नसेल तर शेजारच्या बोटावर घेता येतो.

अंगठ्याचा पट्टा सगळीकडे नसतो. त्याला एक साधा पर्याय आहे, तो फार थोडे लोक वापरतात. पावलावरच्या धमनीवर पेन डॉप्लर धरून ठेवायचा आणि आडव्या माणसाचा पाय हळूहळू वर उचलायचा. ज्या उंचीला आवाज बंद पडतो ती उंची हृदयाच्या पातळीपासून टेपने मोजायची. दर १३ सेंटिमीटरला १० मिमी दाब. पाऊल ३९ सेंटिमीटर वर गेल्यावर आवाज थांबला तर तिथला दाब ३० च्या आसपास. यात पट्टा नाही, त्यामुळे कडक धमनी फसवू शकत नाही. पायाची उंचीच मर्यादित असल्याने ६० च्या वरचे दाब यात कळत नाहीत, पण आपल्याला भीती खालच्याच आकड्यांची असते.

प्रत्यक्ष आर्टेरियल डॉप्लर

दाब सांगतो की अडथळा आहे आणि किती गंभीर. कुठे आहे, हे सांगायला मोठं यंत्र. मांडी आणि पोटरीसाठी ५ ते १२ मेगाहर्ट्झमधला सपाट प्रोब (कातडीवर फिरवायचा भाग), पोटातल्या महाधमनीसाठी २ ते ५ चा वक्र प्रोब. पोटातल्या धमन्या पाहायच्या असतील तर सहा तास उपाशी जायचं, सकाळी चहा, तंबाखू नाही, कारण वायू धरला की आतडं आडवं येतं आणि काही दिसत नाही. मधुमेही माणसाने पहिली वेळ मागून घ्यावी. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन कसं घ्यायचं ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावं. बीपीची गोळी चुकवायची नाही. सैल लेंगा किंवा धोतर घालून जा. ड्रेसिंगचं नवं सामान सोबत न्या, कारण पट्टी सोडावी लागते. पोटाचा भाग तपासताना श्वास धरायला सांगतात. बेळगावात तंत्रज्ञ कानडीत 'उसिरु हिडीरी' म्हणाले तर श्वास रोखायचा, 'बिडीरी' म्हणाले तर सोडायचा. घरच्या वडीलधाऱ्यांना कानडी येत नसेल तर एवढं आधी सांगून ठेवा, अर्धी खटपट वाचते.

तपासणी जांघेपासून सुरू करतात, आणि त्यामागे कारण आहे. जांघेतल्या धमनीची लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पडद्यावर उमटणारा वेगाचा आलेख, वरची बातमी देते. लहर उभी, झटकन चढणारी, मग क्षणभर उलटी जाऊन पुन्हा सुलटी होणारी, म्हणजे ट्रायफेजिक असेल, तर बेंबीपासून जांघेपर्यंतचा रस्ता बहुधा मोकळा. तीच लहर गोलसर, सावकाश चढणारी, एकाच बाजूची असेल तर अडथळा वर, पोटात किंवा ओटीपोटात. त्यानंतर मांडीची मोठी धमनी तिच्या पूर्ण लांबीने पाहायची. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात ती स्नायूंच्या बोगद्यातून गुडघ्यामागे जाते, तिथे अडथळा सगळ्यात जास्त सापडतो आणि घाईत तोच तुकडा राहून जातो. मग गुडघ्यामागची धमनी, पोटरीतल्या तिन्ही धमन्या आणि पावलावरची. दोन्ही पाय नीट पाहायला पाऊण ते एक तास लागतो. दहा मिनिटांत दोन्ही पायांचा आर्टेरियल डॉप्लर संपला असेल तर पोटरीतल्या धमन्या पाहिलेल्या नसतात, आणि मधुमेहात खरा रोग तिथेच असतो.

वेग मोजताना कोनाचा खेळ मोठा आहे. रक्ताचा वेग यंत्र थेट मोजत नाही. परत येणाऱ्या आवाजाच्या बदललेल्या वारंवारतेवरून आणि तपासणाऱ्याने पडद्यावर लावलेल्या कोनावरून काढतं. कोन ६० अंश किंवा कमी हवा. खरा कोन ६० असताना ६५ लावला तर वेग सुमारे १८ टक्के चुकतो. खरा ७५ असताना ८० लावला तर जवळजवळ निम्म्याने चुकतो. ९० ला तर प्रवाहच दिसत नाही, आणि धमनी चालू असून बंद वाटते. रंग पाहून निदान करणारे इथेच घसरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वेगाची मोजपट्टी. ती निरोगी धमनीसाठी ठेवलेल्या वरच्या पातळीवरच राहिली तर पोटरीतला अगदी मंद प्रवाह पडद्यावर काळाच राहतो आणि 'पूर्ण बंद' असं लिहिलं जातं. मोजपट्टी खाली आणा, मंद प्रवाह गाळून टाकणारा फिल्टर कमी करा, पाय थोडा खाली सोडा, बारीक धार दिसू लागते. शल्यचिकित्सकाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे: बारीक का होईना, चालू धमनी असेल तर तिथवर बायपास किंवा धमनी आतून उघडायचा फुगा नेता येतो.

रिपोर्ट वाचताना 'पीएसव्ही' या आकड्यापाशी थांबा. तो धमनीतला सर्वाधिक वेग, सेंटिमीटर प्रति सेकंदात. एकटा आकडा फारसं सांगत नाही. अरुंद जागेचा वेग आणि तिच्या लगेच वरच्या चांगल्या जागेचा वेग यांचं गुणोत्तर पाहतात. वर ८० आणि अरुंद जागी २९० असेल तर गुणोत्तर ३.६. ते २ च्या पुढे गेलं की निम्म्याहून जास्त वाट बंद, ४ च्या पुढे गेलं की पाऊण वाट बंद समजतात. चांगल्या रिपोर्टात जागा सांगितलेली असते, अडथळ्याची लांबी असते, आणि खालच्या कोणत्या धमनीत रक्त परत सुरू झालं तेही असतं. नुसतं 'सर्व धमन्यांत रंग भरलेला दिसला, एथेरोस्क्लेरोटिक बदल' (म्हणजे भिंतीत चरबीचे थर) असं असेल तर पैसे वाया गेले असं समजा.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत एक सूक्ष्म फसगत संभवते. जखमेत पू किंवा लाली असेल तर त्या पायाकडे रक्त जास्त ओढलं जातं, लहर उलटी न जाता सतत पुढे वाहती दिसते. नवखा माणूस तिला एकाच बाजूची लहर म्हणून अडथळा लिहून टाकतो. फरक चढणीत असतो: संसर्गात लहर झटकन चढते, अडथळ्याच्या खाली ती हळू आणि गोल चढते. म्हणून लहरींचे छापील फोटो मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला ते पाहून बरंच ठरवता येतं.

चालताना दुखतं पण आडवं असताना एबीआय नॉर्मल, असेही लोक असतात. त्यांना ट्रेडमिलवर ताशी ३.२ किलोमीटर वेगाने, १० ते १२ टक्के चढावर ५ मिनिटं चालवून लगेच पुन्हा मोजतात. घोट्याचा दाब ३० मिमीपेक्षा जास्त पडला तर धमनीचाच दोष. पायावर जखम असलेल्याला मात्र ट्रेडमिलवर चढवायचं नाही.

तंबाखूबद्दल थोडं जास्त, कारण हा पट्टाच तंबाखूचा. निपाणी, चिक्कोडी भागात तिशी-पस्तिशीतल्या तरुणाच्या पायाच्या बोटाला जखम झाली, साखर नाही, बीपी नाही, आणि डॉप्लरमध्ये जांघेची, गुडघ्यामागची धमनी अगदी निरोगी दिसते पण पोटरीपासून खाली धमन्या बंद, तर बर्जर डिसीजचा, म्हणजे तंबाखूमुळे हातापायांच्या बारीक धमन्या बंद पाडणाऱ्या रोगाचा, विचार करावा लागतो. लिओ बर्जर यांनी १९०८ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. पडद्यावर बंद धमनीच्या बाजूने नागमोडी, पिळदार बारीक वाहिन्या दिसतात. हाताच्या बोटांतही तोच रोग असू शकतो, म्हणून अशा माणसाचे हात तपासल्याशिवाय सोडू नये. औषधापेक्षा तंबाखू पूर्ण बंद करण्यावर पाय वाचणं अवलंबून असतं, आणि पूर्ण म्हणजे मिसरी, तपकीर, गुटखा, गायछाप सगळं. बायकांना 'तंबाखू खाता का' असं विचारलं तर 'नाही' म्हणतात. मिसरी लावता का, असं वेगळं विचारावं लागतं.

शिरांचा डॉप्लर केव्हा

एक पाय अचानक सुजला, पोटरी घट्ट आणि दुखरी झाली, त्याआधी ऑपरेशन, बाळंतपण, फ्रॅक्चरचं प्लास्टर किंवा दीर्घ अंथरूण असेल, तर शिरेत गुठळी म्हणजे डीव्हीटी शोधायची. यात रंगापेक्षा दाबणं महत्त्वाचं. प्रोब आडवा धरून जांघेपासून गुडघ्यामागे आणि पुढे पोटरीपर्यंत दर १-२ सेंटिमीटरला हलकेच दाबतात. निरोगी शीर पूर्ण मिटते, शेजारची धमनी ठोके देत उघडी राहते. शीर मिटली नाही तर आत गुठळी. ताजी गुठळी काळसर, मऊ असते आणि शीर फुगलेली. जुनी पांढरट, आकसलेली. मोकळं टोक तरंगताना दिसलं तर पुन्हा पुन्हा दाबत बसू नये.

रिपोर्टात 'सुपरफिशियल फेमोरल व्हेन' असं लिहिलं असेल आणि तिच्यात गुठळी असेल, तर ती वरवरची शीर आहे असं समजून नुसती सूज उतरायची गोळी घेऊ नका. ती खोल शीरच आहे, रक्त पातळ करायचं औषध लागतं. या नावामुळे लोकांचे उपचार राहून गेले आहेत, म्हणून आता बरेच जण नुसतं 'फेमोरल व्हेन' लिहितात. तपासणी फक्त गुडघ्यापर्यंत केली, ती नॉर्मल आली, आणि तरीही डॉक्टरांचा संशय दाट असेल तर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा करतात, कारण पोटरीतली गुठळी वर सरकू शकते. अशा पायासोबत दम लागला किंवा छातीत दुखलं तर डॉप्लरची तारीख न बघता थेट मोठ्या दवाखान्यात जायचं.

फुगलेल्या शिरांचा, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्सचा डॉप्लर हा तिसराच प्रकार. बेळगावच्या वडगाव-शहापूरकडचे मागावर उभे राहणारे विणकर, हॉटेलात तव्यापुढे उभे असणारे, अशांच्या पायात तो नेहमी लागतो. तो उभं राहून करायचा: वजन दुसऱ्या पायावर, तपासायचा पाय सैल आणि जरा पुढे. पोटरी हाताने पिळली की रक्त वर जातं. झडप बिघडली असेल तर सोडल्यावर खाली परत येतं. वरवरच्या शिरेत हा उलटा प्रवाह अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त, मांडी-गुडघ्याच्या खोल शिरेत एका सेकंदापेक्षा जास्त टिकला तर दोष. आडवं झोपवून केलेल्या व्हेरिकोज डॉप्लरवर लेझरचा निर्णय घेऊ नका. आणि घट्ट मोजे घालायच्या आधी एबीआय पाहिलाच पाहिजे. ०.६ च्या खाली असलेल्या पायाला असे मोजे किंवा घट्ट बँडेज म्हणजे आधीच कमी असलेलं रक्तही अडवणं. घोट्याजवळ काळपट कातडी आणि जखम दिसली की 'शिरांची जखम' म्हणून बँडेज बांधणारे असतात. मधुमेही आणि विडीवाल्याच्या बाबतीत हा घोटाळा पाय घालवू शकतो.

मानेच्या धमन्यांचा डॉप्लर अर्धांगाची सूचना मिळाल्यावर करतात: काही मिनिटं हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, एका डोळ्यापुढे पडदा आला आणि गेला. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत वेग १२५ च्या खाली असला तर बहुधा निम्म्याहून कमी अडथळा, २३० च्या वर गेला तर ७० टक्के किंवा जास्त. डायलिसिसच्या फिस्टुलासाठीही, म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडण्यासाठीही, आधी हातांचा डॉप्लर लागतो. धमनी किमान २ मिमी आणि शीर दोन-अडीच मिमी हवी. मूत्रपिंडं बिघडत चाललेल्या माणसाने ज्या हाताने काम करत नाही त्या हातावर सलाईन टोचू देऊ नये, त्या शिरा पुढे लागतात.

तपासणी कोणतीही असो, एक प्रसंग सगळ्यांच्या आधी येतो. पाय अचानक पांढरा पडला, गार झाला, खूप दुखू लागला, मग बधिर झाला आणि बोटं हलेनात, तर सोनोग्राफीची रांग लावू नका. अशा वेळी साधारण सहा तासांत रक्त सुरू करावं लागतं. पेन डॉप्लरने एका मिनिटात धमनीचा आणि शिरेचा आवाज ऐकता येतो. निरोगी धमनीचा आवाज तुटक आणि ठाशीव, शिरेचा श्वासाबरोबर कमी-जास्त होणाऱ्या वाऱ्यासारखा. धमनीचा आवाज नाही पण शिरेचा आहे, तोवर पाय वाचवण्याला वाव असतो. दोन्ही गेले की फार उशीर झालेला असतो.

आता वडिलांचं. निपाणीहून कोल्हापूर साधारण ४० किलोमीटर, बेळगाव ७५ च्या आसपास. बेळगावात बिम्सचं जिल्हा रुग्णालय आणि केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय, कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय, असे पर्याय आहेत. जवळचं निवडण्यापेक्षा जिथे तपासणी आणि पुढची शस्त्रक्रिया एकाच ठिकाणी होईल ते निवडा, नाहीतर तेच डॉप्लर दोनदा होतं. कर्नाटकचं आरोग्य कार्ड महाराष्ट्रातल्या दवाखान्यात चालेलच असं धरून जाऊ नका, आधी विचारा. घरी येऊन डॉप्लर करा असं कोणाला सांगू नका. गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी झालेल्या जागेबाहेर सहज नेता येत नाही, पाय कितीही दुखत असला तरी.

तोवर घरी: विडी आजपासून बंद. जखमेचा पाय गरम पाण्यात बुडवायचा नाही, शेक द्यायचा नाही, कारण बधिर पायाला भाजल्याचं कळत नाही. घट्ट पट्टी नाही, उशांवर पाय उंच ठेवणं नाही. कमी रक्ताचा पाय वर उचलला की आणखी कमी मिळतं. ड्रेसिंग रोज, अनवाणी फिरणं बंद. जखम काळी पडू लागली, वास आला, ताप आला किंवा रात्री पाय खाली लोंबकळत सोडल्याशिवाय झोप येईना, तर आठवड्याची वाट न पाहता त्याच दिवशी न्या.

डॉप्लरनंतर कुणी लगेच सीटी अँजिओग्राफी सांगितली तर आधी विचारा की फुगा किंवा बायपास करायचं ठरलं आहे का. उपाय करायचा नसेल तर सीटीचा उपयोग थोडा, आणि त्यातलं रंगाचं इंजेक्शन बिघडलेल्या मूत्रपिंडांना त्रासाचं. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडांच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर तसं सांगा. सेंटर ठरवताना फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: एबीआय पेन डॉप्लरने मोजता का, अंगठ्याचा दाब मोजता का, आणि पोटरीतल्या तिन्ही धमन्यांच्या लहरी छापून देता का. तिन्हीला 'हो' म्हणणाऱ्या ठिकाणी सकाळची पहिली वेळ मागा.